सरपणाची पारख

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांत पुष्कळ घरीं स्वयंपाक गॅसवर गेला, तरी न्हाणीघरांतील बंब आणि मंगलकार्यांतील मोठी चूल कित्येक ठिकाणीं अद्यापि लांकडावरच पेटते. सरपणाची पारख मात्र घरांतून नाहींशी होत चालली आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं एका वखारींतून आम्हीं साल काढलेले जड ओंडके बाभळीचे समजून आणले. ते निघाले ओल्या आंब्याचे! बंब तापेपर्यंत घरांतील बायकांचे डोळे लाल झाले.

जड तें चांगलें, हा समज अर्धाच खरा. ताज्या तोडीच्या लांकडाचें निम्म्याच्या सुमारास वजन पाण्याचें असूं शकतें. नीट वाळल्यावर तें पंचमांशाच्या आंत येतें. म्हणजे १०० किलो ओल्या लांकडांत जेवढें जळण, तेवढें ६२-६३ किलो वाळक्यांत मिळतें. बाकीचे पैसे पाण्याचे. शिवाय तें पाणी आटविण्यांत आंच खर्ची पडते आणि धूर वाढतो तो वेगळाच. यास्तव दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्या. वाळलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या बद्द बोलतात. वाळलेल्याच्या टोकांस चिरा असतात व साल सहज सुटते.

जात ओळखावयाची ती सालीवरून आणि कापलेल्या तोंडावरून. बाभळीची साल काळसर, उभ्या खोल भेगांची. बाहेरचें लांकूड फिकट, गाभा तांबूस तपकिरी. हिवर तिचाच भाऊबंद, पण साल पिवळसर पांढरी. दोहोंचा निखारा टिकतो. परदेशांतून आलेली वेडी बाभूळही तशीच कडक जळते. चिंचेच्या पिवळट लांकडांत मध्यें काळपट जांभळा गाभा असतो. आंच उत्तम, परंतु फोडणाराचा घाम काढते. आंबा करडा व भरड. वाळल्यावर भडकन् पेटतो, मागें निखारा थोडाच. पांगारा आणि शेवगा हातांत घेतांच हलके लागतात. ते पैसे देऊन घेऊंच नयेत. सोललेलें लांकूड कापलेलें तोंड पाहिल्याविना घेऊं नये, हें आम्ही आतां शिकलों.

हिवरे बाजारनें कुऱ्हाडबंदी पाळून आपली राने राखलीं. वखारवाल्याकडे आपणही उभ्या झाडाचें नव्हे, वठलेल्याचें लांकूड मागावें. तें वाळकेंही असतें.

कुंपणाच्या तोडीची जुडी स्वस्त मिळाली, तर ती आधीं सोडून पाहावी. तींत कण्हेर असेल तर चुलींत घालूं नये. तिचा धूरही विषारी असतो. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस इजा होते. अशी जुडी मुलांकरवीं उचलवूं नये.