पायांतील रक्ताचा परतीचा प्रवास

हृदयातून निघालेले रक्त पायांत सहज उतरते. परतीची वाट मात्र चढणीची असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरांतील रक्त वर ढकलले जाते आणि शिरांतील एकेरी झडपा ते खाली घसरू देत नाहीत. पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी या झडपांचे वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले.

दुकानात दिवसभर उभा राहणारा किंवा गादीवर तासन् तास बसणारा व्यापारी पोटरीला काम देत नाही. त्यातच झडपा कमकुवत झाल्या तर रक्त साचते. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, शिरा फुगतात. दुर्लक्ष झाल्यास त्वचा काळवंडते आणि घोट्याच्या आतील बाजूस लवकर न भरणारी जखम होते.

दर अर्ध्या तासाने काही पावले चालावे, टाचा उचलाव्यात, विश्रांती घेताना पाय हृदयापेक्षा उंच ठेवावेत. दाबाचे मोजे वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावेत. मधुमेह्यांनी आधी धमन्यांची तपासणी करावी. डॉप्लर सोनोग्राफीने झडपांचा दोष कळतो.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागल्यास शिरेत गुठळी असू शकते. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. अशा वेळी पाय चोळू नये. दुकान बंद करावे लागले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.