जंगलाचा तुकडा किती मोठा हवा?

दिल्लीला फिरायला गेलात की लाल किल्ला, कुतुबमिनार तुम्ही पाहताच. पण शेजारच्या फरीदाबाद जिल्ह्यात, अरवलीच्या टेकड्यांमध्ये मांगर बनी नावाचं एक जंगल आहे, हे ठाऊक आहे का? आपल्याकडच्या देवराईसारखंच हे गुदडिया दास बाबांचं राखीव वन. इथली फांदी तोडली तर अनिष्ट घडतं, अशी आसपासच्या गावांची श्रद्धा आहे. त्यामुळेच इथे धौचं दाट जंगल टिकलं. डिंकाच्या लाडवांसाठी ज्याचा डिंक वापरतात, त्या आपल्या धावड्याचा हा चुलतभाऊच!

आकाराचं गणित

मोठ्या जागेत जास्त प्रकारच्या वनस्पती सापडतात, कारण तिथे ऊन-सावली, उतार, ओलावा, खडक असं सगळंच मिळतं. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीबद्दल हाच विचार मांडला. ढोबळ हिशेब असा, की जंगलाचा दहावा हिस्साच उरला तर कालांतराने जवळपास निम्म्या प्रजाती नाहीशा होऊ शकतात. शहरांनी वेढलेलं जंगलही एक बेटच असतं.

दुर्मीळ झाडांवर आधी संकट

समजा, एका तुकड्यात एखाद्या वनस्पतीची दहाच झाडं उरली आहेत. एक वणवा किंवा एक दुष्काळ त्यांना पुरेसा असतो. झाडं कमी म्हणून परागकण वाहणारे कीटकही कमी येतात, बी कमी धरतं आणि पुढची पिढी कमजोर होते. शिवाय तुकडा जितका लहान, तितका त्याचा काठ जास्त. काठावर ऊन आणि वारा थेट पोहोचतो, माती सुकते, बाहेरच्या आक्रमक वनस्पती शिरतात. अरवलीच्या बऱ्याच टेकड्यांवर विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, अशीच पसरली आहे.

फसवी गोष्ट अशी, की हे नुकसान लगेच दिसत नाही. जुनी झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात, पण खाली रोपं तगत नाहीत. म्हणून हिरवं दिसणारं प्रत्येक रान सुखरूप असेलच असं नाही.

मग लहान तुकडे निरुपयोगी?

मुळीच नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा लहान रायांनीही जुने वृक्ष आणि वेली जपल्याचं दिसलं. मात्र त्यांच्याभोवतीचं रान शाबूत असेल, तरच बिया आणि पक्षी ये-जा करू शकतात. म्हणूनच २०१६ साली हरियाणा सरकारने मांगर बनीचे ६७७ एकर निश्चित करताना भोवती ५०० मीटरचा बांधकाममुक्त पट्टाही ठरवला. जंगल वाचवायचं तर त्याचं कुंपण नव्हे, शेजार वाचवावा लागतो.

तुम्ही काय करू शकता?

• गावच्या देवराईत सिमेंटचं सुशोभीकरण होत असेल, तर ग्रामसभेत आवर्जून बोला.
• झाडं लावताना परदेशी शोभेच्या रोपांऐवजी स्थानिक प्रजाती निवडा.
• जंगलात गेल्यावर रोपं, कंद, फुलं घरी आणू नका.
• मुलांना झाडं मोजायला नको, झाडांचे प्रकार मोजायला शिकवा.

हजार रोपं एका दिवसात लावता येतात. मांगर बनी मात्र पिढ्यानपिढ्या कोणी फांदी तोडली नाही, म्हणून उभी आहे.