निद्रानियमन : झोपण्याची वेळ की उठण्याची वेळ?

प्रस्तावना

चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. निद्रेला असे आहाराच्या बरोबरीचे स्थान असूनही व्यवहारात जेवणाची वेळ जितकी पाळली जाते तितकी झोपेची पाळली जात नाही. महाराष्ट्रातील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग सकाळी सात-साडेसातला भरतात आणि पहिल्या तासाला पेंगणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या नित्य परिचयाचा असतो. ‘रात्री लवकर झोपत जा’ हा उपदेश त्याला हमखास केला जातो. तो बहुधा निष्फळ का ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झोपेच्या दोन प्रक्रिया

झुरिक येथील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार झोप दोन प्रक्रियांच्या मेळातून येते. पहिली प्रक्रिया म्हणजे जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक वाढणारा आणि झोपेत ओसरणारा निद्रेचा दाब. दुसरी म्हणजे मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असणाऱ्या एका सूक्ष्म पेशीपुंजाने चालविलेले जैविक घड्याळ. हे घड्याळ नेमके चोवीस तासांचे नसते. चार्ल्स झाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मानवी घड्याळाचे आवर्तन सरासरी २४ तास ११ मिनिटांचे असल्याचे दाखविले. म्हणजे बाहेरून दुरुस्ती न झाल्यास ते दररोज थोडे मागे पडत जाते. ही दुरुस्ती मुख्यतः सकाळचा प्रकाश करतो. कुमारवयात हे घड्याळ आणखी उशिराकडे सरकते. त्यामुळे पहिल्या तासाला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी ठरविणे शास्त्राला धरून नाही.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. इस्रायलमधील पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये असे दाखविले की, नेहमीच्या झोपेपूर्वीच्या काही तासांत झोप लागणे विशेष अवघड असते. रोज एक वाजता झोपणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री दहाला अंथरुणावर पडतो आणि तळमळत राहतो, त्याचे एक कारण हे आहे. झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र हुकमाने ठरविता येते. म्हणून दिनक्रमाची बांधणी रात्रीपासून न करता सकाळपासून करणे इष्ट होय. ठरलेल्या वेळी उठून उजेडात गेल्यास निद्रेचा दाब वेळेवर साचू लागतो आणि काही दिवसांत झोपेची वेळही मागोमाग अलीकडे येते. रविवारी दहा वाजेपर्यंत झोपल्यास ही घडी विस्कटते व सोमवारची सकाळ जड जाते.

रात्रीचा क्रम

झोपेपूर्वीचा तासभर रोज सारख्याच क्रमाने जावा. दिवे मंद करणे, भ्रमणध्वनी दूर ठेवणे, हलके वाचन असा हा क्रम साधा असला तरी पुरेसा असतो. कोमट पाण्याने स्नान करावयाचे असल्यास ते एक-दोन तास आधी करावे. त्यामुळे हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचे आंतरिक तापमान उतरू लागते. चहाचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. कॅफीन निद्रेचा दाब निर्माण करणाऱ्या ॲडेनोसिनचा मार्ग अडविते आणि त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी सहाच्या चहाचा अर्धा अंश रात्री अकरालाही शरीरात असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये निद्रानाशावर सुचविलेले नियम आजही प्रमाण मानले जातात. झोप आली तरच अंथरुणावर जावे, तेथे वाचन-लेखन करू नये, झोप न लागल्यास उठून दुसरीकडे बसावे, उठण्याची वेळ बदलू नये आणि दिवसा झोपू नये, असे त्यांचे सार आहे. वसतिगृहात हे नियम पाळणे कठीण जाते, कारण तेथे खाट हीच बैठक, अभ्यासिका आणि प्रसंगी भोजनगृहही असते. निदान अभ्यासासाठी जमिनीवर स्वतंत्र चटई अंथरली तरी खाटेचे नाते झोपेशी टिकून राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. ज्यांचे जैविक घड्याळ या बालकांच्याही मागे चालते, त्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तो लागू नाही.