लेकीला मुंबई दाखवा

धाटावहून मुंबई काही फार लांब नाही. तरी पुष्कळ घरांतला मुलगा मुंबई पाहून येतो, आणि लेक मात्र घरी राहते. "पोरीला काय दाखवायची मुंबई?" असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, अवश्य दाखवा. एक दिवस काढा. बापाला सवड नसेल तर आईने न्यावे.

रोह्याहून सकाळची गाडी धरा. पनवेलला उतरा आणि मुंबईची लोकल पकडा. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवा. भाकरी-पाणी बरोबर घ्या. घरचा फोन नंबर कागदावर लिहून लेकीजवळ द्या. चुकामूक झाली तर कोठे थांबायचे, तेही ठरवा.

दहा ठिकाणी धावू नका. चार-पाचच ठिकाणे पायी पाहा. आता तुम्हाला वाचता येते. एक पाटी तुम्ही वाचा, दुसरी लेकीला वाचू द्या. "बाय, वाच बघू काय लिहिलंय!" असे म्हणा.

लोकल जेथे थांबते, ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बाहेर येऊन मागे वळून पाहा. ही इमारत १८८८ साली पुरी झाली. त्याआधी, १८५३ साली, आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच जवळच्या बोरीबंदरावरून ठाण्याला गेली.

तिथून सरळ चालत हुतात्मा चौकात या. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. मग १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. इथे घटकाभर थांबा.

जवळच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्यासाठी पैसे दिले, आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. विद्यापीठ १८५७ सालचे आहे. "इथं मुली शिकतात का?" असे लेक विचारील. "शिकतात, तूही शिकशील," असे सांगा.

पुढे समुद्रकाठी गेटवे ऑफ इंडिया आहे. इंग्रजांचा राजा १९११ साली आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. आणि १९४८ साली इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली! मांडव्याच्या लाँचा इथूनच सुटतात. मांडवा म्हणजे आपलाच रायगड जिल्हा.

परत येताना वाटेत रिझर्व्ह बँकेची जुनी इमारत लागते. ती बाहेरूनच पाहा. या बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ साली झाले. त्यांचे बालपण आपल्या रोह्यात गेले. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचे ठरले, तेव्हा १९५६ साली त्यांनी ते पद सोडून दिले. रोह्याची वाट इथपर्यंत येते, हे लेकीला कळू द्या.

रात्री घरी आलात की तुम्ही गप्प बसा. काय पाहिले, ते लेकीलाच सांगू द्या. आजी ऐकेल, भाऊ ऐकेल. आणि "मला पुढं शिकायचंय," असे ती म्हणाली, तर "बघू" म्हणून टाळू नका. मुंबई दाखवली, ती त्यासाठीच.