साम्य आणि चोरी

प्रबंधातला २५ टक्के मजकूर इतरत्र आढळला, तर तो चोरलाच असे म्हणायचे का? संगणक फक्त साम्य मोजतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठालाही लागू आहेत. त्यांनुसार श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रमाण सूत्रे आणि योगायोगाने जुळलेले सलग १४ पर्यंत शब्द आधी वगळायचे असतात. उरलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. ४० पर्यंत, सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध. ६० पर्यंत, वर्षभर मनाई. त्यापुढे नोंदणी रद्द. पण त्याआधी विभागाची समिती चौकशी करते, संस्थेची समिती तिची शिफारस तपासते. दोघींनीही नैसर्गिक न्याय पाळायचा, म्हणजे विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकायचेच. तापमापी ताप दाखवते, रोग डॉक्टरच ठरवतो. शाळेतला प्रकल्प तपासतानाही आधी विचारावे: ‘हे कुठून घेतलेस?’