नाटकातलं पिस्तूल

शहीद दिनासाठी भगतसिंग-राजगुरूंवर नाटक बसवताना पिस्तूल लाकडाचं असलं तरी चालतं. ते धरणारा हात मात्र खरा वाटायला हवा.

17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंनी झाडली. भगतसिंगांचं .32 कोल्ट पिस्तूल 2017 मध्ये इंदूरहून पंजाबातल्या हुसैनीवाला संग्रहालयात आणलं गेलं. या पिस्तुलाचा घोडा आत झाकलेला असतो. म्हणून सिनेमातल्यासारखा अंगठ्याने घोडा ओढू नये. वरची स्लाइड मागे खेचून सोडावी. खरं पिस्तूल अर्ध्या किलोहून जड असतं. नकली पिस्तुलात तेवढं वजन भरलं, की मनगट आपोआप सावकाश वळतं. आवाज विंगेतून येणार असेल, तर हाताचा झटका आवाजाबरोबरच यावा.

रेंजवरचे नियम रंगमंचावरही पाळावेत. वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावं आणि नळी कुणावरही रोखू नये. समोरच्या नटाच्या थोडं बाजूला, मागच्या पडद्याकडे नेम धरला तरी प्रेक्षकांना तो नटावरच धरल्यासारखा वाटतो.

खरं हत्यार नाटकात आणूच नये. 2021 मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’ चित्रपटाच्या तालमीत, धोका नाही असं समजून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला.

तालीम संपली की एकाच कॅडेटने सगळी पिस्तुलं मोजून पेटीत ठेवावीत. खोट्या हत्यारालाही खऱ्याचा मान दिला, तरच प्रेक्षकांना ते खरं वाटतं.