शोधनिबंधाची समीक्षा: ‘सॅम्पल लहान आहे’ एवढंच लिहून थांबू नका

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये मला पहिल्यांदा एका जर्नल पेपरची समीक्षा लिहायला सांगितली, तेव्हा मी पाच पानं लिहिली. त्यातली साडेचार पानं निव्वळ सारांश. शेवटी अर्ध्या पानाची टीका: सॅम्पल लहान आहे, अभ्यास एकाच उद्योगाचा आहे, आणखी संशोधनाची गरज आहे. मॅडमनी समासात एकच ओळ लिहून पानं परत केली, “हे लेखकांनीच लिहिलंय. तुम्ही काय पाहिलंत?” पेपर उघडून बघितला, तर खरंच, माझी सगळी टीका त्यांच्या मर्यादांच्या भागात आधीच होती.

त्यानंतर माझ्यापुरती एक व्याख्या मी पक्की केली. समीक्षा म्हणजे लेखकांचा दावा त्यांच्या पुराव्याला पेलतो का, हे तपासणं. हे कसं करायचं ते एका खऱ्या पेपरवर बघू.

पेपर आहे ‘डज मॅनेजमेंट मॅटर? एव्हिडन्स फ्रॉम इंडिया’. लेखक निकोलस ब्लूम आणि त्यांचे चार सहकारी. २०१३ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. जर्नल अर्थशास्त्राचं असलं तरी प्रश्न आपल्याच विषयाचा आहे: चांगल्या व्यवस्थापनाने उत्पादकता खरंच वाढते का? प्रयोग झाला तोही आपल्या जवळच, तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांत. प्रयोगातल्या २० कारखान्यांपैकी १४ ना सल्लागारांनी एक महिना पाहणी आणि पुढे चार महिने प्रत्यक्ष अंमलबजावणीसाठी मदत केली. उरलेल्या ६ ना फक्त पाहणी मिळाली. कोणाला काय मिळणार हे रँडम पद्धतीने ठरलं. सल्ला मोफत होता. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, असा निष्कर्ष आहे.

१. दावे सुटे करा. एका पेपरमध्ये सहसा एकच दावा नसतो. इथे निदान तीन आहेत. एक, व्यवस्थापन सुधारलं की उत्पादकता वाढते. दोन, मालकांनी आधीच हे केलं नाही, कारण त्यांना या पद्धतींची माहिती नव्हती किंवा त्यांचा फायदा होईल असं वाटत नव्हतं. तीन, वाईट चालणाऱ्या कंपन्या बाजारातून बाहेर फेकल्या जात नाहीत, कारण स्पर्धा मर्यादित आहे आणि मालक घराबाहेरच्या माणसावर कारभार सोपवत नाहीत. कंपनी किती मोठी होणार हे घरात किती पुरुष आहेत यावर बरंचसं अवलंबून असतं, असंही ते दाखवतात.

२. प्रत्येक दाव्यासमोर त्याचा पुरावा मांडा. कागदावर दोन रकाने करा. पहिल्या दाव्यामागे रँडम प्रयोग आहे, म्हणजे भक्कम पुरावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाव्यामागे मुख्यतः मालकांशी झालेली चर्चा आणि सहसंबंध आहेत. घरातल्या पुरुषांची संख्या कोणी रँडम वाटलेली नाही! म्हणजे एकाच पेपरमधले दावे सारखे मजबूत नाहीत, पण वाचताना पहिल्याची विश्वासार्हता नकळत बाकीच्यांना मिळून जाते. माझ्या मते या पेपरच्या समीक्षेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

३. आक्षेप घेण्याआधी लेखकांचं उत्तर वाचा. २० कारखाने म्हणजे सॅम्पल लहानच. पण लेखकांना ते माहीत आहे. म्हणूनच त्यांनी एकाच उद्योगातले कारखाने घेतले, दर आठवड्याची आकडेवारी दीर्घकाळ गोळा केली आणि लहान सॅम्पलला चालणाऱ्या पर्म्युटेशन चाचण्या वापरल्या. हे उत्तर तुम्हाला पुरेसं वाटत नसेल तर का नाही ते लिहा.

त्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारता येतो. ६६ कंपन्यांशी संपर्क साधला होता, त्यातल्या १७ च तयार झाल्या. मालमत्ता, विक्री अशा बाबतींत या १७ इतरांपेक्षा फारशा वेगळ्या नव्हत्या, असं लेखक दाखवतात. पण मालकाची बदलायची तयारी ताळेबंदात दिसत नाही. तयार नसलेल्यांच्या गळी हाच सल्ला उतरवला असता तर १७ टक्के वाढ झाली असती का? असा आक्षेप घेताना आकडा कोणत्या दिशेला सरकेल हेही सांगा. इथे बहुधा खाली.

४. निष्कर्ष कुठवर नेता येतो? या कंपन्या १०० ते १००० कामगारांच्या होत्या. भिवंडी किंवा इचलकरंजीत चार-सहा यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाला हे लागू पडेल का? त्याच्याकडे मालक, मॅनेजर आणि फिटर एकच असतो. लेखकांनी त्याच्याबद्दल दावा केलेला नाही, म्हणून हा पेपरचा दोष नाही. पण पेपरचा दाखला देऊन उद्या कोणी छोट्या उद्योगांसाठी योजना आखली, तर हा प्रश्न विचारावा लागेल.

५. पुढे काय झालं ते शोधा. पाचपैकी चार लेखक काही वर्षांनी त्याच कंपन्यांकडे परत गेले. २०२० साली आलेल्या पेपरमध्ये ते सांगतात की स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, तरी सल्ला न मिळालेल्या कारखान्यांशी असलेला फरक बराच टिकून होता. मॅनेजर बदलणं आणि संचालकांकडे वेळ नसणं ही त्यामागची मुख्य कारणं. पहिल्या पेपरचा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. फक्त ‘पहिल्या वर्षात’ या शब्दांना किती महत्त्व आहे ते कळतं.

आता लिहायला बसा. चार पानं असतील तर सारांश पाऊण पानात संपवा. मग पेपरने काय पटवून दिलं ते मोकळेपणाने लिहा. त्यानंतर दोन किंवा तीनच आक्षेप, महत्त्वाचा आधी. शेवटी तुमचं मत: कोणता दावा मी स्वीकारतो, कोणता अर्धवट, आणि तिसरा पटण्यासाठी मला कोणता पुरावा लागेल.

या शेवटच्या वाक्यावर जरा जास्त वेळ घालवा. माझ्या प्रबंधाचा प्रश्न मला अशाच एका वाक्यातून मिळाला. तुम्ही आत्ता वाचत असलेल्या पेपरचे दावे सुटे करून बघा, आणि दुसरा रकाना कुठे रिकामा राहतो ते मला कमेंटमध्ये सांगा.